कॉम्पटिया ए प्लसची तयारी: संगणक तंत्रज्ञाच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी अभ्यास कसा करावा

संगणक दुरुस्ती आणि तांत्रिक साहाय्याच्या क्षेत्रात पहिली नोकरी शोधणाऱ्या तरुणांसमोर प्रमाणपत्रांचे अनेक पर्याय असतात आणि त्यांतून निवड करताना गोंधळ होणे स्वाभाविक आहे. एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. आयटीआयमधील संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामाची सवय लावतो. मोठ्या कंपन्यांचे हेल्प डेस्क, सेवा-केंद्रे किंवा परदेशातील नोकरी डोळ्यांसमोर असेल, तर मात्र कॉम्पटिया या अमेरिकी संस्थेच्या ‘ए प्लस’ या प्रमाणपत्राचा विचार जरूर करावा. १९९३ पासून दिले जाणारे हे प्रमाणपत्र कोणत्याही एका उत्पादक कंपनीशी बांधलेले नाही, त्यामुळे ते जगभर ओळखले जाते. त्याची तयारी घरी राहून, महागडा वर्ग न लावता करता येते, पण ती योग्य दिशेने व्हायला हवी.

ही दिशा कोणती, याबद्दल माझे मत ठाम आहे. ए प्लसमध्ये पोर्टचे क्रमांक, केबलचे प्रकार, रॅमच्या पिढ्या असे पाठ करण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु परीक्षेचा कणा आहे तो क्रम. समोर बिघडलेले यंत्र आणि वैतागलेला वापरकर्ता असताना तंत्रज्ञाने आधी काय करावे, नंतर काय करावे आणि कोणत्या गोष्टीला अगदी शेवटीच हात लावावा, हे ओळखण्याची सवय ज्याला लागली, त्याची पाठांतरातली थोडीफार उणीव भरून निघते. ज्याला ती लागली नाही, त्याला सगळी कोष्टके पाठ असूनही चार पर्यायांपैकी दोन सारखेच बरोबर वाटतात आणि तिथेच गुण जातात.

परीक्षेचे स्वरूप

ए प्लस मिळवण्यासाठी कोअर १ आणि कोअर २ अशा दोन स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. सध्याच्या मालिकेत त्यांचे क्रमांक अनुक्रमे २२०-१२०१ आणि २२०-१२०२ असे आहेत. ही मालिका मार्च २०२५ मध्ये सुरू झाली आणि त्याआधीची ११०१ व ११०२ ही जोडी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून एखाद्या मित्राने दिलेली जुनी नोट्सची वही किंवा पेनड्राइव्हमधले व्हिडिओ वापरण्यापूर्वी ते कोणत्या मालिकेचे आहेत, हे आधी पाहावे. मूळ विषय फारसे बदलत नाहीत, तरी नव्या मालिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासंबंधीच्या प्राथमिक संकल्पनांसारखी काही भर पडली आहे. दोन्ही परीक्षा एकाच मालिकेतील असाव्या लागतात, हेही लक्षात ठेवावे.

प्रत्येक परीक्षेत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटांचा असतो. गुण १०० ते ९०० या मापावर दिले जातात. कोअर १ साठी ६७५ आणि कोअर २ साठी ७०० ही उत्तीर्णतेची रेषा आहे. हे मोजमाप शंभरपैकी इतके टक्के अशा पद्धतीचे नाही, त्यामुळे सराव चाचणीत मिळालेल्या टक्क्यांवरून ‘मला इतके गुण पडतील’ असा हिशेब मांडत बसू नये. बहुतेक प्रश्न बहुपर्यायी असतात. त्यांखेरीज काही प्रात्यक्षिकवजा प्रश्न असतात, ज्यांत पडद्यावरच्या आकृतीत भाग योग्य जागी ओढून ठेवणे, वायफाय राउटरची मांडणी पूर्ण करणे किंवा आज्ञा देऊन दोष शोधणे अशी कामे करावी लागतात.

कोअर १ मध्ये मोबाइल उपकरणांना १३ टक्के, नेटवर्किंगला २३ टक्के, हार्डवेअरला २५ टक्के, व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकात सॉफ्टवेअरने दुसरा आभासी संगणक चालवणे) व क्लाउडला ११ टक्के आणि हार्डवेअर-नेटवर्कच्या दोषशोधनाला २८ टक्के भार आहे. कोअर २ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम व सुरक्षा यांना प्रत्येकी २८ टक्के, सॉफ्टवेअरच्या दोषशोधनाला २३ टक्के आणि कामकाजाच्या पद्धतींना २१ टक्के भार आहे. या आकड्यांकडे नीट पाहिले, तर दोषशोधन हा दोन्हीकडचा मोठा हिस्सा असल्याचे दिसते, आणि म्हणूनच वर क्रमाविषयी इतक्या आग्रहाने लिहिले आहे.

अभ्यासाची सुरुवात कॉम्पटियाच्या संकेतस्थळावर मोफत मिळणाऱ्या उद्दिष्टपत्रिकेपासून करावी. परीक्षेत विचारले जाऊ शकणारे मुद्दे आणि उपमुद्दे तिच्यात दिलेले असतात. ती छापून घ्यावी आणि प्रत्येक मुद्द्यासमोर पेन्सिलने तीनपैकी एक खूण करावी: हे मला दुसऱ्याला समजावून सांगता येते, हे ऐकून माहीत आहे, हे अजिबात माहीत नाही. पहिल्या दिवशी तिसऱ्या प्रकारच्या खुणा भरपूर दिसतील, त्याने घाबरून जाऊ नये. शिकण्यासाठी ‘प्रोफेसर मेसर’ या नावाने प्रसिद्ध असलेली इंग्रजी व्हिडिओमालिका मोफत उपलब्ध आहे आणि ती उद्दिष्टपत्रिकेच्याच क्रमाने जाते. मात्र रोजचा अर्धाच वेळ व्हिडिओला द्यावा आणि उरलेला अर्धा हाताने काम करण्याला द्यावा. रोज दीड ते दोन तास देऊ शकणाऱ्या नवशिक्याने दोन्ही परीक्षांसाठी चार महिन्यांचा अवधी धरावा, असे मला वाटते. आधी कोअर १ द्यावी आणि तिचा अभ्यास ताजा असतानाच कोअर २ कडे वळावे.

एक जुना संगणक मिळवा

हार्डवेअरच्या अभ्यासासाठी चालू स्थितीतला एक जुना डेस्कटॉप हाताशी असावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात असे सेकंड हँड यंत्र मिळते, आणि पुष्कळदा कार्यालये भंगारात काढत असलेले यंत्रही चालते. विकत घेण्यापूर्वी ते सुरू करून पाहावे. बिघडलेल्या यंत्रावर शिकायला सुरुवात केली, तर मूळचा दोष कोणता आणि आपण केलेला कोणता, हे नवख्याला कळत नाही.

यंत्र घरी आल्यावर वीजजोडणी काढून ते उघडावे आणि प्रत्येक केबल कुठून कुठे जाते याचे फोटो काढून ठेवावेत. मग रॅमची पट्टी काढून यंत्र सुरू करावे आणि काय होते ते पाहावे: बीपचा आवाज येतो का, मदरबोर्डवर एखादा दिवा लागतो का, की केवळ पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. यंत्र बंद करून पट्टी परत बसवताना दोन्ही बाजूंचे खटके बसल्याचा आवाज येईपर्यंत ती दाबावी, कारण अर्धवट बसलेली रॅम आणि बिघडलेली रॅम यांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही डेस्कटॉप पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली की पाठ करावी लागत नाही. त्यानंतर सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी काढून यंत्र सुरू करावे. तारीख आणि वेळ मागे गेलेली दिसेल, आणि ‘रोज सकाळी संगणकाची तारीख चुकते’ या तक्रारीचे कारण कायमचे लक्षात राहील. पुढे प्रोसेसरवरचा पंखा उतरवून जुनी थर्मल पेस्ट पुसावी आणि नवीन पेस्टचा लहानसा ठिपका लावून तो पुन्हा बसवावा.

एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, बाबतीत मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. तो कधीही उघडू नये, कारण वीज बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार टिकून राहू शकतो. बाहेरच्या जोडण्यांवर मल्टिमीटर लावून पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ व्होल्ट आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट मिळतात का, एवढे तपासावे. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ पर्यंतचे मूल्य ठीक समजावे. बाजारात ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो त्याला परीक्षेत पॉवर सप्लाय युनिट म्हटलेले असते आणि कॅबिनेटला केस, एवढी नोंद वहीत करून ठेवावी.

स्थिर विजेचा विषय पुष्कळ जण वाचून सोडून देतात, पण आपल्याकडे त्याला हवामानाचा खरा संदर्भ आहे. हवा जितकी कोरडी तितकी स्थिर वीज साठण्याची शक्यता अधिक. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यापेक्षा विदर्भ-मराठवाड्यातल्या हिवाळ्यात सुट्या भागांना ती जास्त सतावते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा आणि सुटे भाग अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवावेत. याच्या जोडीला घरातल्या वीजजोडणीचे अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये संगणक चालवणारी घरे आणि दुकाने मी पाहिली आहेत, आणि तिथे सर्ज प्रोटेक्टरही पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही.

अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या ‘रेड’ मांडण्यांचा हिशेब कागदावर स्वतः सोडवावा. दोन टीबीच्या चार डिस्क असतील, तर रेड ५ मध्ये वापरायला सहा टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. रेड १० मध्ये चार टीबी मिळतात. रेड ० मध्ये आठही टीबी मिळतात, पण एक डिस्क गेली की सगळे गेले. असे पाच-सहा हिशेब केले की या विषयाला पुन्हा वेळ द्यावा लागत नाही.

नेटवर्क: प्रश्न कसा वाचावा

नेटवर्किंगचा भाग अवघड वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दिसण्यासारखे जे आहे त्यापासून सुरुवात करावी. क्रिम्पिंगचे साधन, काही आरजे-४५ कनेक्टर आणि थोडी कॅट ६ केबल आणून स्वतः लॅन केबल तयार करावी. टी५६८बी या मांडणीत तारांचा क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा असतो. मग घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते देणारी सेवा) कोणते पत्ते वाटत आहे आणि वायफाय कोणत्या चॅनेलवर आहे ते पाहावे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे आहेत. शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत हे मोबाइलवरील एखाद्या वायफाय विश्लेषक ॲपने पाहिले, तर दाटीवाटीच्या इमारतीत वायफाय का अडखळते ते कळते.

पोर्टचे क्रमांक, म्हणजे केबल लावायच्या पोर्टचे नव्हे तर नेटवर्कवरील प्रत्येक सेवेला ठरवून दिलेले क्रमांक, पाठ करावेच लागतात: २२ एसएसएच, २३ टेलनेट, २५ एसएमटीपी, ५३ डीएनएस, ६७ व ६८ डीएचसीपी, ८० एचटीटीपी, ११० पॉप-३, १४३ आयमॅप, ४४३ एचटीटीपीएस, ४४५ एसएमबी, ३३८९ रिमोट डेस्कटॉप. ते रोज सकाळी एकदा न पाहता लिहून काढावेत, पंधरा दिवसांत हाताखालचे होतात.

खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. मी तयार केलेला एक नमुना पाहा. एका कार्यालयात एका कर्मचाऱ्याच्या संगणकावर इंटरनेट चालत नाही. तंत्रज्ञाने संगणकाचा नेटवर्क पत्ता दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिल्यावर पत्ता १६९.२५४.१८.७ असा दिसतो. शेजारच्या टेबलांवरचे संगणक व्यवस्थित चालत आहेत. तंत्रज्ञाने सर्वप्रथम काय करावे: डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा) सर्व्हर बदलावा, डीएचसीपी सर्व्हर पुन्हा सुरू करावा, संगणकाची केबल व ती ज्या पोर्टमध्ये आहे ते तपासावे, की विंडोज नव्याने टाकावी?

या प्रश्नात तीन सूचना दडलेल्या आहेत आणि त्या एकेक करून बाहेर काढाव्यात. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता संगणकाने स्वतःच स्वतःला दिलेला असतो, आणि डीएचसीपीकडून उत्तर आले नाही तेव्हाच तो असे करतो. म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याच्या पायरीपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही, त्यामुळे डीएनएसचा पर्याय गळतो. शेजारचे संगणक चालत आहेत, म्हणजे दोष बहुधा या एका संगणकाच्या वाटेवर आहे. डीएचसीपी सर्व्हर पुन्हा सुरू केला तर चालू असलेल्या इतरांच्या कामातही व्यत्यय येईल, म्हणून तोही पर्याय पहिला असू शकत नाही. विंडोज नव्याने टाकणे हा तर शेवटचा उपाय. उरते केबल आणि पोर्ट तपासणे, आणि तेच उत्तर. इथे एक बारकावा प्रत्यक्ष प्रयोगाने कळतो: केबल पूर्ण काढली तर आयपीकॉन्फिग ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असे दाखवते, १६९.२५४ नव्हे. हा पत्ता दिसला म्हणजे जोडणी काही प्रमाणात आहे, पण केबल सदोष असेल, ती चुकीच्या पोर्टमध्ये असेल किंवा वाटेत कुठेतरी अडथळा असेल.

आता याच प्रश्नातला एकेक तपशील बदलून पाहा. सर्वच संगणकांवर १६९.२५४ दिसत असेल, तर संशय डीएचसीपी सर्व्हरवर किंवा संगणकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचवर जातो. पत्ता बरोबर आहे, ८.८.८.८ या इंटरनेटवरील पत्त्याला पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जाते, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, तर तेव्हा डीएनएस पाहावे. सराव चाचणीतला प्रत्येक प्रश्न असा उलटसुलट करून पाहिला, तर शंभर प्रश्नांतून पाचशे प्रश्नांचा अभ्यास होतो.

या विचारामागची कॉम्पटियाची सहा पायऱ्यांची पद्धत तोंडपाठ असावी: समस्या नेमकी ओळखणे, संभाव्य कारणाचा अंदाज बांधणे, तो अंदाज तपासून पाहणे, कृतीची आखणी करून ती अमलात आणणे, यंत्रणा पूर्णपणे चालते याची खात्री करून प्रतिबंधक उपाय करणे, आणि शेवटी केलेल्या कामाची नोंद ठेवणे. पहिल्या पायरीतच वापरकर्त्याला प्रश्न विचारणे आणि काही बदल करण्यापूर्वी माहितीचा बॅकअप आहे का ते पाहणे येते. दुसऱ्या पायरीत उघड दिसणाऱ्या कारणांपासून सुरुवात करायची असते. दुरुस्तीच्या दुकानात अनुभवी मंडळी पुष्कळदा एकदम चौथ्या पायरीवर उडी घेतात आणि त्यांना ते जमून जाते, पण परीक्षेत तसे उत्तर चुकीचे ठरते. कामाचा अनुभव असलेल्या परीक्षार्थींनी ही सवय मुद्दाम बाजूला ठेवावी.

लेझर प्रिंटर

कोअर १ मधला प्रिंटरचा भाग टाळण्याकडे अनेकांचा कल असतो, पण हेल्प डेस्कवर प्रिंटरच्या तक्रारी नेहमीच येतात. लेझर प्रिंटरचा क्रम प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूझिंग आणि क्लीनिंग असा आहे. ड्रमवर समान विद्युतभार दिला जातो, लेझर त्यावर प्रतिमा उमटवतो, त्या जागी टोनर चिकटतो, तो कागदावर उतरतो आणि फ्यूझरच्या उष्णतेने पक्का होतो. हे समजले की दोष वाचता येतात. छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवल्यावर शाई पुसली गेली, तर फ्यूझरकडे पाहावे. कागदावर ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तर ड्रम किंवा एखादा रोलर खराब झाला आहे. आधीच्या ओळींची पुसट छाया खाली उमटत असेल, तर ड्रम नीट स्वच्छ होत नाही. फ्यूझर अतिशय तापलेला असतो, म्हणून प्रिंटर बंद करून थंड होऊ दिल्याशिवाय आत हात घालू नये, आणि सांडलेला टोनर घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये.

कोअर २ साठी आभासी संगणक

ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना मुख्य संगणकावर प्रयोग करू नयेत. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्यात विंडोज ११ आणि उबुंटू असे दोन आभासी संगणक तयार करावेत. यासाठी मूळ संगणकात निदान ८ जीबी रॅम हवी, १६ असेल तर काम सुखाचे होते. आभासी यंत्र सुरूच होत नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूलभूत सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती शोधून चालू करणे हासुद्धा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, हे आभासी यंत्र घडवतानाच कळून जाते.

यंत्र तयार झाले की आधी स्नॅपशॉट (हवे तेव्हा परत येता येईल अशी जतन केलेली स्थिती) घ्यावा आणि मग ते मुद्दाम बिघडवावे. छपाईची कामे रांगेत ठेवणारी प्रिंट स्पूलरची सेवा बंद करून छपाई का अडली ते शोधावे, साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून प्रोग्राम टाकून पाहावा, सेफ मोडमध्ये जावे, इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी वाचाव्यात. सिस्टिमच्या फाइली तपासणारी एसएफसी, डिस्क तपासणारी चेकडिस्क, धोरणे ताजी करणारी जीपीअपडेट आणि वाटेतले टप्पे दाखवणारी ट्रेसर्ट या आज्ञा वाचून नव्हे, तर टाइप करून शिकाव्यात. विंडोज होम आणि प्रो यांतला फरक पक्का असावा: होम आवृत्ती डोमेनला, म्हणजे कार्यालयातल्या एकत्र नियंत्रित संगणकांच्या जाळ्याला, जोडता येत नाही, तिच्यात ग्रुप पॉलिसी एडिटर (संगणकाची धोरणे ठरवण्याचे साधन) नसतो आणि रिमोट डेस्कटॉपने बाहेरून तिचा ताबा घेता येत नाही. फॅट-३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल ठेवता येत नाही, हा तर रोजच्या अनुभवाचा विषय आहे.

सुरक्षेच्या भागात मालवेअर काढण्याचा क्रम हमखास अभ्यासावा. लक्षणांची खात्री झाल्यावर सर्वप्रथम तो संगणक नेटवर्कपासून वेगळा करायचा, मग सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) बंद करायचे, त्यानंतर अँटिव्हायरस अद्ययावत करून तपासणी व सफाई करायची, गरज पडल्यास संपूर्ण प्रणाली नव्याने टाकायची, नियमित तपासणी लावून द्यायची, सिस्टिम रिस्टोअर पुन्हा सुरू करून नवा रिस्टोअर पॉइंट घ्यायचा आणि अखेरीस वापरकर्त्याला समजावून सांगायचे. रिस्टोअर बंद करण्याचे कारण असे की जुन्या रिस्टोअर पॉइंटमध्येही संसर्ग दडून बसू शकतो आणि सफाईनंतर परत येऊ शकतो. प्रत्येक पायरीचे कारण असे स्वतःला सांगता आले, की क्रम चुकत नाही.

कामकाजाच्या पद्धतींना २१ टक्के भार असूनही ‘हे तर सामान्यज्ञान’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. त्यात तक्रारीची नोंद, बदलांची मंजुरी, बॅकअप, सुरक्षितता, ई-कचरा आणि वापरकर्त्याशी बोलण्याची रीत असे विषय येतात. नोंद लिहिण्याचा सराव पहिल्या दिवसापासून करावा. ‘नेटचा प्रॉब्लेम होता, सोडवला’ ही नोंद पुढच्या तंत्रज्ञाच्या काहीच कामाची नाही. ‘सकाळी साडेदहाला इंटरनेट बंद असल्याची तक्रार, पत्ता १६९.२५४ चा, शेजारचे संगणक चालू, भिंतीतील पोर्ट सैल आढळला, केबल दुसऱ्या पोर्टला जोडून पत्ता नव्याने घेतला, इंटरनेट व प्रिंटर दोन्ही चालू असल्याचे वापरकर्त्याकडून तपासून घेतले, सैल पोर्टची दुरुस्ती कळवली’ ही नोंद उपयोगाची आहे. जुन्या संगणकावर जे जे प्रयोग कराल, त्यांची नोंद अशीच करावी. ती वही पुढे मुलाखतीतही बोलायला विषय देते.

इंग्रजी प्रश्नांची सवय

ही परीक्षा मराठीतून देता येत नाही, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या हुशार विद्यार्थ्यांना अडवते ती बहुधा इंग्रजी प्रश्न वाचण्याची गती. यावर उपाय आहे. विषय समजून घेण्यासाठी मराठीचा मनसोक्त वापर करावा. रॅम कशी काम करते हे घरातल्या धाकट्या भावंडाला मराठीत समजावून सांगता आले, तर विषय आपला झाला. मात्र सराव प्रश्न पहिल्यापासून इंग्रजीतच वाचावेत. आधी शेवटचे वाक्य वाचावे, म्हणजे काय विचारले आहे ते कळते, आणि मग वरची हकिकत वाचावी. फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट आणि मोस्ट लाइकली हे शब्द दिसताच थांबावे. फर्स्ट असेल तेव्हा दोन-तीन पर्याय बरोबर असू शकतात आणि त्यांतला सर्वांत आधी करण्याचा निवडायचा असतो. बेस्ट असेल तेव्हा खर्च, वेळ आणि वापरकर्त्याची गरज यांचा मेळ पाहायचा असतो.

सराव चाचण्या वेळ लावून सोडवाव्यात आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली आपला पर्याय का चुकला हे एका वाक्यात लिहावे. ‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डम्पच्या वाटेला मुळीच जाऊ नये. कॉम्पटियाच्या नियमांनुसार तो गैरप्रकार आहे आणि त्यापायी मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते. शिवाय मुलाखतीत उघडलेला संगणक समोर ठेवला जातो, तेव्हा पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडत नाहीत.

नोंदणी आणि परीक्षेचा दिवस

परीक्षा पिअर्सन व्ह्यू या संस्थेमार्फत होते. प्रत्येक परीक्षेसाठी वेगळे व्हाउचर घ्यावे लागते आणि त्याला मुदत असते, म्हणून दोन्ही व्हाउचर एकदम घेऊन ठेवू नयेत. शुल्क आपल्याकडच्या मानाने बरेच आहे. वेळ लावून सोडवलेल्या सराव चाचण्यांत सातत्याने चांगले गुण पडू लागल्यावरच तारीख ठरवावी.

नोंदणी करताना नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहिण्याची पद्धत आहे, एखाद्या कागदावर आडनाव आधी येते, लग्नानंतर एका ओळखपत्रावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असते. खात्यावरील नाव आणि परीक्षेला नेण्याच्या ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळले नाही, तर केंद्रावरून परत पाठवले जाऊ शकते. कोणती ओळखपत्रे चालतात ती यादी नोंदणीच्या वेळीच वाचावी. पासपोर्ट असेल तर तोच न्यावा.

घरून ऑनलाइन परीक्षा देण्याची सोय आहे, परंतु तिच्यासाठी रिकामे टेबल, बंद खोली आणि पूर्ण वेळ खोलीत दुसरे कोणीही नसणे आवश्यक असते. प्रश्न पुटपुटत वाचलेलेही चालत नाहीत. माणसांनी भरलेल्या घरात आणि वीज जाण्याची शक्यता असलेल्या गावात हे जमवणे कठीण आहे, म्हणून माझा सल्ला मुंबई-पुण्यासारख्या शहरातले केंद्र गाठण्याचा आहे, आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करावा लागला तरी.

परीक्षेत प्रात्यक्षिकवजा प्रश्न सहसा सुरुवातीलाच येतात. त्यांवर वेळ घालवू नये. खूण करून पुढे जावे, बहुपर्यायी प्रश्न संपवावेत आणि उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत शांतपणे परत यावे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

निकाल परीक्षा संपताच कळतो आणि गुणपत्रकात कोणत्या उद्दिष्टांचे प्रश्न चुकले ते दिलेले असते. अनुत्तीर्ण झालात तर त्याच यादीवरून उद्दिष्टपत्रिकेतल्या खुणा बदलाव्यात आणि तेवढ्याच भागांचा अभ्यास करावा. दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबावे लागत नाही, तिसऱ्यापूर्वी मात्र किमान १४ दिवस जावे लागतात आणि शुल्क प्रत्येक वेळी नव्याने भरावे लागते. दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. त्या काळात निरंतर शिक्षणाचे २० गुणांक जमवून आणि त्यासाठीचे शुल्क भरून ते पुढे चालू ठेवता येते, किंवा त्यावरचे नेटवर्क प्लस वा सिक्युरिटी प्लस मिळवले की ए प्लसचेही नूतनीकरण होते. नेटवर्कमध्ये पुढे जाण्याचा विचार असणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरावा, कारण पोर्ट, पत्ते आणि केबलींचा अभ्यास तोवर पुष्कळसा झालेला असतो.